पोर्चमधला बर्फ

हुडकेश्वरला लाईट गेली की रुपरावजी गच्चीवर सतरंजी टाकतात. त्या रात्री पुतण्या पियूष होता, त्याची नवी बायको करिष्मा होती.

"केशव माझ्या ओळखीचा. अँब्युलन्स चालवे," रुपरावजी म्हणाले. "खोटं वाटन त जाऊन पाहजा."

गोष्ट यंदाच्या चौदा मेची, बुधवार, रात्री नऊ वाजून दहा मिनिटं. केशवचं काम साधं होतं: एका खासगी दवाखान्यातून पेटी उचलायची, विमानतळावर द्यायची. पेटीत दीपमालाचं स्वादुपिंड. कुहीकडची बावीस वर्षांची पोरगी, अपघातात मेंदू गेला, आणि तिच्या वडिलांनी, देवाजींनी, सही केली. एकात एक तीन पिशव्या, थंड औषधी पाणी, भोवती बर्फ. तिकडे पुण्यात मोनाली नावाची मुलगी वाट बघत होती. साखर उतरून ती झोपेतच बेशुद्ध पडायची.

"किडनी जरा दम धरते, केशव," डॉक्टर साहिल म्हणाले. "हे नाही धरत. सातला काढलं. सकाळी सातच्या आत बसलं पाहिजे."

पोलिसांनी रस्ते मोकळे करून ठेवले होते. पेटी मात्र पोर्चमध्ये टेबलावर. तिला झेंडूचा हार. मागे बॅनर. प्रमुख पाहुणे सदर भागातून निघाले होते म्हणे.

"साहेब, विमान दहा पन्नासचं आहे."

"पाच मिनिटं थांब न गा," व्यवस्थापक मधुसूदनजी म्हणाले. "फोटोबिगर लोकाइले कसं समजन?"

पाच झाली. वीस झाली. पन्नास झाली. पाहुणे आले, त्यांना फोटोत बर्फ दिसायला हवा होता. झाकण उघडलं. भाषण झालं, त्यात दातृत्व हा शब्द सहा वेळा आला. देवाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खुर्ची कोणी दिली नव्हती.

"थंडीत राहू द्या जी तिले," ते एवढंच बोलले.

केशव विमानतळावर पोचेपर्यंत विमान गेलं. पुढचं सकाळी सहाला, म्हणजे सातच्या आत बसवणं आता शक्य नव्हतं.

तासभर विनवण्या करून तो पेटी घेऊन दवाखान्याकडे परत निघाला. रस्ते आता मोकळे नव्हते. पहिल्या सिग्नलला थांबला. मागून आवाज आला.

"किती वाजले, दादा?"

मागे कोणी नव्हतं. पेटी होती.

दुसरा सिग्नल. "किती वाजले..."

काचा आतून धुरकटल्या. मे महिना. एसी बंद. केशवच्या तोंडातून वाफ निघत होती.

तिसरा सिग्नल.

"बारा वीस," तो म्हणाला. "माफ कर वं, माय."

मग काहीच नाही...

दवाखान्यात डॉक्टर साहिलनी पेटी उघडली, पिशवी काढून घेतली आणि पुण्याला फोन लावला. "मोनालीला घरी पाठवा," ते म्हणाले. केशवने बर्फ पोर्चमध्ये ओतला. टेबल होतं, बरोब्बर तिथे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारा पंचेचाळीसवर. बर्फ तसाच. मधुसूदनजींनी उकळतं पाणी ओतवलं. तसाच. शेवटी वर मोठी कुंडी ठेवली. झाड आठवड्यात वाळलं.

रुपरावजी थांबले. पियूष हसला. "मोठेबाबा, आता दिवाळी आली. अजून हाये का बर्फ?"

"म्हटलं न, जाऊन पाहजा," म्हणत रुपरावजी कुशीवर वळले.

सकाळी पियूष गाडी काढून त्या दवाखान्याकडे गेला. दुपारी परतला, काही न सांगता ताटावर बसला. करिष्मा वाढत होती. तो डाव्या हाताने जेवत होता. उजवा त्याने मांडीखाली दाबून धरला होता, ऊब यावी म्हणून.