आधी झडती, मग नाव

धाराशिवच्या एका वाचनालयात रविवारी दुपारी जुना फ्रेंच सिनेमा लावला होता. गोष्ट एका भुरट्या खिसेकापूची, पण चाल इतकी संथ की मध्यंतरालाच खुर्च्या रिकाम्या! उरले दोघंच. शिवप्रिया, आणि दोन खुर्च्या सोडून बसलेला एक अनोळखी तरुण.

"एका पाकिटाला एवढा येळ? ह्याचं पोट कसं भरतं वो?" तो कुजबुजला.

"शूऽऽ… बोटं बघा की त्याची!" ती म्हणाली, पण हसू काही आवरेना.

सिनेमा संपला, दिवे लागले. शिवप्रियाचा हात सवयीनं गळ्याशी गेला. लिंगायतांच्या अंगावर कायम असणारं, चांदीच्या डबीतलं इष्टलिंग गळ्यात नव्हतं!

"तुमचे खिसे दाखवा," ती ओरडली.

वाचनालयाचे गौरीशंकरकाका धावत आले. तरुणानं खिसे उलटे केले… कंगवा, मोबाइल, येडशीच्या गाडीचं तिकीट. मग गळ्यातलं स्वतःचं इष्टलिंग दाखवलं. "माझं माझ्यापाशी हाय की. तुमचं नेऊन काय करू?"

काकांनी दोघांपुढं पाणी धरलं. तिनं नको म्हणून मान हलवली. अंगावर लिंग नसताना तिच्या घरी कुणी पाण्याचा घोटही घेत नसे. त्यानंही पेला खाली ठेवला.

"ह्यांचं घावंपर्यंत म्या बी न्हाय."

आणि तो गुडघ्यांवर बसून खुर्च्यांखाली शोधू लागला. गाडीची वेळ झाली, टळली, तरी उठला नाही. ज्याला चोर म्हटलं, तो आपल्यासाठी तहानलेला! शिवप्रियाला रडूच कोसळलं. तिनं पर्समधला रुमाल ओढला, तर त्याच्या घडीत डबी!

ती हादरलीच. पडद्यावरचा चोर गर्दीत घुसला, तेव्हा भीतीनं तिनंच ती काढून रुमालात गुंडाळली होती. इतक्या रंगल्या होत्या बाईसाहेब!

खुर्चीखाली सापडली म्हणावं का? पण काका अजून त्याच्याकडं संशयानं बघत होते. तिनं मन घट्ट केलं.

"काका, माझ्याच पर्समध्ये होती. ह्यांच्यावर मी खोटा आळ घेतला."

काका खजील होऊन निघून गेले. तिनं लिंग कपाळाला लावून गळ्यात घातलं, तेव्हा कुठं तो घटाघटा पाणी प्यायला.

"तुमचं… नाव?"

"नंदीश. आधी झडती, मग नाव! लई शिस्तीच्या दिसता."

"रागावला असाल ना?"

"व्हय, रागावलो व्हतो. पण घड्याळ बघितलं, गाडी गेलेली… अन् वाईटच वाटंना."

शिवप्रियाचे कान तापले.

"चोर म्हणून एवढं धरलंय," तो हळूच म्हणाला, "तर आता सोडू नका."

"सोडतंय कोण?"

आपण हे मोठ्यानं बोललो, या धक्क्यानं ती जागच्या जागी खिळली.