कडीला बांधलेली चिंधी

मानवी संस्कृती अग्नीवर उभी आहे. दिंद्रुडात ती तीन विटांवर उभी होती आणि त्यातली एक बद्रीनाथनं शेजाऱ्याच्या बांधकामावरून उचललेली होती.

त्या चुलीवर तो भाड्यानं द्यायची भांडी तपासायचा. पातेलं काठोकाठ भरून पाणी उकळायचं, दोन्ही कड्यांतून बांबू घालायचा, एका टोकाला तो, दुसऱ्याला गडी हरिबा, आणि शंभर मोजेपर्यंत अधांतरी धरायचं.

"बद्रीभाऊ, एवढी पारख तर लोक सून आणताना करत न्हाईत," गिऱ्हाइकं म्हणायची.

तो हसायचा नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी पुतणीच्या लग्नात उकळत्या वरणाच्या पातेल्याची डाग देऊन जोडलेली कडी निसटली होती. बांबूच्या टोकाला त्याची बायको होती, मंजुळाबाई. सकाळीच ती म्हणाली होती, "ही कडी हालतीय. हे काढू नगा." तो म्हणाला होता, "एका दिवसानं काय होतंय?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात ती अकरा दिवस होती. तिथं कात्रीनं कापून काढलेलं तिचं पोपटी लुगडं त्यानं स्वतःच्या हातानं चितेवर ठेवलं. तेव्हापासून मुलगी रोहिणी त्याला वेळेवर वाढायची, पण बोलायची ते भिंतीकडं बघून.

मंजुळाबाईची एक रीत होती. भांडं खराब दिसलं की कडीला चिंधी बांधायची. चिंधीचं भांडं गोदामाबाहेर जायचं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी त्यानं कुलूप काढलं तर मोठ्या कढईच्या कडीला चिंधी होती. पोपटी.

"हरिबा, ही तू बांधली का बे?"

"मी कावून बांधू? मला पायजम्याची नाडी धड बांधता येत न्हाई."

कढई तपासणीत पास झालेली होती. बद्रीनाथनं अंगठ्यानं कडी दाबली. ती अलगद हातात आली.

त्यानंतर तसं आणखी तीनदा झालं. गिऱ्हाईक वेगळं, भांडं वेगळं, चिंधी तीच. दरवेळी कडी हातात यायची. चिंधीला वरणाच्या फोडणीतल्या हिंगाचा वास असायचा. कुलूप शाबूत, किल्ली त्याच्या करदोट्याला.

मग रोहिणीचं लग्न ठरलं.

"भांडी बाहेरून आणा," ती भिंतीला म्हणाली. "आपली नगंत."

"सगळी तपासतो."

"आईनं बी तपासली होती."

चार दिवस त्यानं पाणी उकळलं. हरिबाचे खांदे सोलवटले. लग्नाच्या आदल्या दुपारी त्यानं गोदामात बावीस भांडी मांडली, दार नुसतं लोटून आत बसला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा हिंगाचा वास येत होता.

तो धडपडत उठला. एकेक कडी बघितली. चव्वेचाळीस कड्या.

कुठंच चिंधी नव्हती.

त्याला हुंदका आवरेना. दार ढकलून रोहिणी आत आली.

"कावून रडताय?"

"एकालाबी न्हाई, पोरी. सगळी चांगली हायती. तिनं सोडलं मला."

रोहिणी दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं बघत होती. त्याच्या तोंडाकडं नाही. उजव्या मनगटाकडं.

त्यानंही बघितलं. मनगटाला पोपटी चिंधी होती.

गाठ आईची होती, दुहेरी. रोहिणीनं ती सोडायला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. कापड ओलं होतं. त्यातून वाफ येत होती.



"बाबा," रोहिणी हळूच म्हणाली, "उद्या तुमी बांबू धरू नगा. आचाऱ्यापाशी बसून लिंबं तेवढी चिरा."