डिक्कीतलं ओलं फडकं

वर्तमानपत्रात एकवीस वर्षं काढली. ऐकीव गोष्ट मी छापत नाही.

ही ऐकीव नाही.

मंगळवार, १४ मे २०२४. दुपारी पावणेतीन. जळगाव, माझ्या घरासमोरचं अंगण. मी रात्रपाळी करून आलो होतो, झोप झाली नव्हती. तेही नोंदवून ठेवतो.

माझा मेहुणा प्रेमराज जळगाव-धुळे भाड्याची गाडी चालवतो. एप्रिलमध्ये त्याने साक्रीच्या देवचंद नावाच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. डिक्कीत सबवूफरचा डबा, शेजारी अ‍ॅम्प्लिफायर. गाणी लावली की पारोळा येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर इतका तापे की हात लावता येत नसे. एकदा मागच्या प्रवाशांना जळका वास आला.

गाडी मोतीलाल नानांकडे गेली. नाना तीस वर्षं गाड्यांना टेप बसवतात. त्यांनी मीटर लावला.

"याची ताकद चार ओहमची. तू याला एकवर पळवतो. बैल असता तर बसला असता."

सबवूफरमध्ये दोन कॉइल होत्या. त्या पॅरलल जोडल्या तर दणका मोठा, पण ओहम चारवरून एकवर येतात आणि अ‍ॅम्प्लिफायरवर भार चौपट. एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडल्या तर दणका उतरतो, अ‍ॅम्प्लिफायर गार राहतो. नानांनी सिरीज केली.

चौथ्या दिवशी प्रेमराज परत आला. पुन्हा तापत होता.

नानांनी डिक्की उघडली. वायरी पॅरलल होत्या.

आणि अ‍ॅम्प्लिफायरवर... एक फडकं.

ओलं.

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मीही बरोबर होतो. प्रेमराजचा तोल सुटला.

"नाना, चष्मा बदला. नाहीतर धंदा बदला. माणसं बसवतो मी गाडीत. उद्या स्टँडवर सगळ्यांना सांगतो."

नाना बराच वेळ वायर सोलत राहिले.

"सांग. पण नाव गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही पेपरवाले. तुमच्यासमोर जोडतो. कुलूप तुम्ही लावा."

म्हणून मंगळवारी सकाळी अकराला गाडी माझ्या अंगणात आली. नानांनी सिरीज जोडली. मी फोटो काढला. जोडावर चिकटपट्टी लावून तिच्यावर सही केली. बॅटरीची वायर काढली. चावी माझ्या खिशात. प्रेमराज आणि नाना दोघेही माझ्यासमोर ओसरीवर बसून राहिले.

पावणेतीनला मी डिक्की उघडली.

अ‍ॅम्प्लिफायर तापला होता. मे महिन्यात बंद गाडीत सगळंच तापतं, म्हणून ते मी धरत नाही.

चिकटपट्टी जागच्या जागी. सही शाबूत. तिच्याखाली वायरी...

पॅरलल.

आणि फडकं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, पावणेचार तास बंद असलेल्या डिक्कीत. मी ते उचललं. पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

गार पाणी. माठातलं असतं तसं.

डब्यावर धूळ होती. धुळीत दोन तळहात उमटले होते. लहान.

प्रेमराज मागे सरकला. "दाजी, बंद करा ते."

मी देवचंदला फोन लावला, स्पीकरवर. त्याने आधी विचारलं, "गाडी बरी शे ना, भाऊ?" मी फडक्याचं सांगितलं.

पलीकडून तो बोलला.

"मेघानं फडकं शे ते. मनी पोर. तिले ऐकू ये नही. डब्बावर हात ठेये, दणका लागना की हासे. तिनाकरता मी जोर वाढाडा. मशीन तपे. मंग ती माठवरनं फडकं ओलं करीसन त्यावर टाके."

मी विचारलं, त्याची मुलगी आता कुठे आहे.

"तिले जाईसन दोन वरीस व्हयनात," तो म्हणाला. फोन त्याने ठेवला.

नानांनी सगळं ऐकलं. चिकटपट्टी खरवडून काढली, पण वायरींना हात लावला नाही.

"म्हणजे जोडणी बदलायची नाही," ते म्हणाले. "मशीन बदलायचं. एक ओहम पेलणारं मिळतं."

संध्याकाळी त्यांनी तसं मशीन बसवलं. वायरी पॅरलल ठेवल्या. मोठ्या दणक्यात तासभर गाणी लावली. मशीन कोमट राहिलं.

"नाना, चुकलं माझं," प्रेमराज म्हणाला.

"चष्मा राहू देऊ का मग?"

त्या दिवसापासून गाडी रोज धुळ्याला जाते. मशीन तापत नाही. वायरींना कुणी हात लावलेला नाही. डिक्कीत फडकं सापडत नाही.

कारण ते माझ्याकडे आहे.

पुरावा म्हणून मी ते ठेवून घेतलं. गच्चीवर, भर उन्हात, तारेवर टाकलं. शेजारी टाकलेली चादर वीस मिनिटांत वाळते.

आज २५ मे. अकरा दिवस झाले.

आत्ताच वर जाऊन आलो... हात ओला आहे.