सोळा नंबरचा पत्ता

"अठ्ठ्याहत्तर पत्ते आहेत आणि पाच दिवस ओळीने एकच येतोय," परिचारिका म्हणाली. "मी नशीब मानते, पण इतकीही भोळी नाही."

तपासनीस बाईंनी टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहायच्या चित्रपत्त्यांचा, जोड हातात घेतला. त्यांचे जोडीदार, निवृत्त कंपाउंडर, खुर्ची जरा मागे सरकवून बसले.

परिचारिका बावन्न वर्षांची. दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात तिला मुख्य परिचारिकेची जागा मिळाली होती. जावं की नाही, मन ठरेना. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ती पत्ते शिकू लागली. रोज सकाळी पत्ते पिसायचे, गठ्ठा वरच्या-खालच्या कडांना धरून अर्धा उचलायचा, उचललेल्या भागाचा तळचा पत्ता पाहायचा. आधी रोज वेगळा पत्ता येई. या सोमवारपासून मात्र सोळा नंबर : वीज पडून कोसळणारा मनोरा. शुक्रवारी तिने नकार कळवून टाकला.

"घरी कुणाला दाखवलात?"

"नाही. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, सुरुवातीला आपला पत्ता आपल्यापुरता. वहीत नुसता आकडा लिहिते. घरी एवढंच म्हणाले, रोज वाईट पत्ता येतोय."

शिकवणाऱ्या बाईंना त्यांच्या घरी गाठलं, तर त्या फणकारल्या. "जोड तिने स्वतः विकत आणला, मी हातही लावलेला नाही. आणि मनोरा म्हणजे जाऊ नका, असं कुणी सांगितलं? जे मोडकळीला आलंय ते पडू द्या, असाही अर्थ होतो. नवशिकी माणसं चित्रालाच घाबरतात."

परिचारिकेच्या नवऱ्याचं बाइंडिंगचं दुकान होतं. कटिंग मशीनवर वह्यांचे गठ्ठे कापले जात होते.

"गठ्ठ्यात एखादा कागद लांब राहिला तर?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"उचलताना बोटाला तोच अडकतो. आमच्या घरात पोरीलासुद्धा ठाऊक आहे."

"बायको जाऊ नये, असं वाटत होतं?"

"वाटून काय करता? गेल्या शनिवारी भावाकडे गेलो, तो मंगळवारी परतलो. ती चाललीय हे भावालाही सांगवलं नाही."

"दुकान?"

"बंद. किल्ली लेकीकडे."

बाहेर येताच कंपाउंडर कुजबुजले, "हाच! मशीन याचं, कसब याचं."

लेक पलीकडच्या गल्लीत राहायची. खांद्यावर पाच महिन्यांचं बाळ होतं आणि रजा संपत आली होती. "मला पत्त्यांतलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली. "पण रोज उठून वीज कोसळलेली बघायची आणि तरी घर सोडून जायचं? आईने केलं ते बरंच केलं."

संध्याकाळी तपासनीस बाईंनी सगळ्यांना परिचारिकेच्या घरी बसवलं. गठ्ठा टेबलावर उभा आपटून सारखा केला. एकच पत्ता केसभर वर राहिला.

"सोळा नंबर. बाकीचे सत्त्याहत्तर एका बाजूने कापलेत. त्यांचे त्या बाजूचे गोल कोपरे बघा, टोकदार झालेत. कातरीने इतकं सरळ कापता येत नाही. हे मशीनचं काम."

कंपाउंडरांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"हे नव्हेत. रविवारपर्यंत पत्ते धड होते, सोमवारी सकाळी कापलेले. तेव्हा हे परगावी. किल्ली लेकीकडे. आणि वीज? आईने चित्र कुणाला दाखवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मग हिला वीज कशी ठाऊक?"

लेकीने मान खाली घातली. "रविवारी तुझी नेहमीची रात्रपाळी होती, आई. तू गेली असतीस तर बाळाला कुणाजवळ ठेवणार होते मी? माझी नोकरी गेली असती."

"मला विचारायचं होतंस."

"नाही म्हणाली असतीस तर?"

"थांबले असते गं. हौसेने थांबले असते."

परिचारिकेने रुग्णालयाला फोन लावला, दोन वाक्यं ऐकली आणि ठेवून दिला. जागा दुसरीला देऊन झाली होती.

मग तिने लेकीच्या खांद्यावरचं बाळ अलगद घेतलं.

"सोमवारपासून याला सकाळी आणून सोड," ती म्हणाली. "आणि दारातूनच परत जा."