अकरावी पायरी

मिसेस बाकेंचं पत्र आलं तेव्हा मारितच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि आहेरात आलेली वॅफलची तीन यंत्रं अजून खोक्यांतच होती. पत्रात चारच ओळी. ‘नाताळनंतर मी निवृत्त होतेय. त्याआधी एकदा गाणं सलग ऐकायचंय. तुझी पायरी अजून तुझ्याच नावावर आहे. ये आणि देऊन टाक.’

मिनेसोटातलं ते टेकडीवरचं कॉलेज एवढंसं, की सकाळी शिंकलेल्या माणसाची संध्याकाळपर्यंत सगळे विचारपूस करून जायचे. ट्वाइट हाऊस हे तिथलं सगळ्यात जुनं मुलींचं वसतिगृह, आणि मिसेस बाके तिथल्या रेक्टर. त्याच्या जिन्याला बावीस पायऱ्या आणि घराच्या गाण्याला बावीस ओळी. ओळीला एक पायरी, पायरीला एक मालकीण. शिकून बाहेर पडणारीनं जाताना नव्या मुलीशेजारी बसायचं, आपली ओळ तिच्याबरोबर एकदा म्हणायची, आणि उठून मागे न बघता दाराबाहेर जायचं. त्यानंतर त्या घरात तिनं कधी गायचं नाही. आणि कुणी पायरी न देताच गेली, तर तिच्या ओळीला सगळं घर गप्प बसायचं.

गेली तीन वर्षं अकराव्या ओळीला घर गप्प बसत होतं. द्यायच्या दिवशी मारित तापाचं निमित्त करून पांघरुणात पडून राहिली होती. थर्मामीटर तिनं कॉफीत बुडवला होता. हे ठाऊक होतं एकट्या टोवाला, कारण चार वर्षं दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या आणि कॉफी टोवाची होती.

“एका पायरीसाठी सहा तास गाडी हाणायची?” डेस्मंडनं वाटेत विचारलं. तो शिकागोचा, मोठ्या विद्यापीठात शिकलेला.

“तू बोलूच नकोस. बेसबॉलच्या मैदानातल्या आजोबांच्या खुर्चीवरून तुम्ही भाऊ-भाऊ वर्षभर अबोला धरून होतात.”

“ती खुर्ची चांगली होती.”

ती हसली, पण हातमोज्याचं टोक कुरतडत राहिली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, “दिली ना, की ती चार वर्षं माझी राहणार नाहीत असं वाटतं. म्हणून तेव्हा दिली नाही.”

डेस्मंडनं यावर विनोद केला नाही. तेवढ्यासाठीच तिनं त्याच्याशी लग्न केलं होतं.

ते पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. सकाळी बर्फ पडून गेलं होतं आणि उजेड आत्ताच पातळ व्हायला लागला होता. हिरवळीवर सफरचंदाचा गरम रस उकळत होता, लोणी-साखर लावलेल्या लेफ्से, बटाट्याच्या पातळ पोळ्या, हातोहात फिरत होत्या, आणि आपापल्या पायरीच्या एकवीस मुली शेकोटीभोवती उड्या मारत गळा तापवत होत्या.

“आली गं बाई, तापकरी,” टोवानं तिला मिठी मारली. “आणि हाच का तो? फोटोत उंच दिसतो.”

“खोक्यावर उभा होतो,” डेस्मंड म्हणाला. टोवाला तो तिथल्या तिथे पसंत पडला.

मिसेस बाके काठी टेकत आल्या. “कायसा नावाची पोर आहे, पहिल्या वर्षाची. सुट्टीला घरी गेली होती, बसनं येतेय. आली की थेट अकरावीवर जाऊन बस म्हणून सांगितलंय. जा, आली असेल.”

“दिसते कशी?”

“आता काय सांगू? पायरीवर बसलेली असेल ती. दुसरं कोण बसणार तिथं?”

आत नेहमीसारखे दिवे मालवलेले होते. खाली एकच कंदील. लाकडाच्या मेणाचा, ओल्या लोकरीचा, स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा तोच वास आला. ती मोजत मोजत चढली. अकरावीवर कठड्याला टेकून एक मुलगी बसली होती. राखाडी स्वेटर, गुडघ्यांवर हनुवटी.

“कायसा?”

मुलगी सरकली आणि तिनं शेजारी जागा केली. मारित बसली आणि तिनं तिचे हात हातात घेतले.

“थंडी वाजतेय का? हात बर्फासारखे झालेत तुझे.”

“कसं होतं...” मुलगी अगदी हळू म्हणाली, “इथं राहणं?”

तीन वर्षांत मारितला हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं. पोटमाळ्यावरची खोली, जिच्या खिडकीतून गोठलेली नदी दिसायची. खाणावळीचे ट्रे पळवून त्यांवर बसून टेकडीवरून घसरणं. परीक्षेच्या आठवड्यात मिसेस बाके अंडं घालून करायच्या ती तांबूस कॉफी.

“आणि...?”

मग रात्रभराच्या गप्पा. वडील आजारी पडले तेव्हा न बोलता तिच्या बॅगेत कपडे भरणारी टोवा. टोवाचं घोरणं, टोवाचे उसने बूट, टोवाचं पहिलं प्रेम आणि त्यानंतरचे दोन महिने.

“आणि...?”

ती सांगत राहिली. सांगून झालेली गोष्ट अंगावरून कोट उतरवावा तशी उतरत होती. बरं वाटत होतं. मुलगी मात्र मारितला टेकून टेकून जड झाली होती. मारितचा खांदा बधिर झाला होता.

“आणि...”

“झालं. एवढंच होतं.”

“मग आता... हे माझं?”

“हो,” मारित म्हणाली. “तुझं.”

दोघींनी ओळ म्हटली. ‘नदी गोठली तरी दार उघडं ठेवा.’ मुलगी प्रत्येक शब्द किंचित मागून म्हणत होती, ओठांकडे बघून शिकावा तसा. मग मारित उठली आणि मागे न बघता बाहेर आली.

फाटकातून मिसेस बाके येत होत्या. बरोबर लाल टोपीची, धापा टाकणारी एक मुलगी.

“बर्फात बस अडकली गं हिची. थांबलीस ते बरं केलंस. ही कायसा.”

“मी तर देऊन आले,” मारित म्हणाली.

“कुणाला?”

त्यांनी हिरवळीकडे पाहिलं. एकवीसच्या एकवीस मुली शेकोटीपाशी होत्या. त्यांनी दारातून कंदील उंच धरला. अकरावी पायरी रिकामी होती.

“आत कोणी नाही,” त्या म्हणाल्या. “अंधारात भास झाला असेल तुला. आज गप्पच बसू त्या ओळीला.” पण कायसाचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला आणि तिला उंबरा ओलांडू दिला नाही.

घंटा झाली. मुली आत गेल्या, अकरावी सोडून आपापल्या पायरीवर बसल्या. पायरी देऊन झालेल्या सगळ्या जुन्या मुली उघड्या दारापाशी उभ्या राहिल्या. खालून एकेक ओळ चढू लागली. आठवी. नववी. दहावी संपली आणि ठरल्याप्रमाणे घर गप्प झालं.

मग रिकाम्या पायरीवरून अकरावी ओळ आली.

किती छान आवाज, मारितला वाटलं. वरच्या सुराला जरा घसरतो, पण मायेचा. जिन्यावरच्या मुली एकमेकींना बिलगल्या होत्या. मिसेस बाकेंच्या हातातली काठी खाली पडली होती आणि त्या जिन्याकडे नाही, मारितकडे बघत होत्या.

कुणीतरी तिचा दंड गच्च धरला. “मारित... अगं, हा तुझा आवाज आहे...”

मारितनं वळून पाहिलं. शेजारी तिच्याच वयाची एक मुलगी उभी होती. नाक थंडीनं लाल झालेलं, डोळे भरलेले. चेहरा चांगला होता. मारितला तिची दया आली. दंड हळूच सोडवून घेत ती डेस्मंडच्या कानाशी वाकली.

“ही का रडतेय?” तिनं विचारलं. “तू ओळखतोस हिला?”