सहाव्या पाळण्याची रेघ

सकाळी सव्वाआठला संगणकाचा पडदा पुन्हा थिजला. म्हैसूरच्या त्या प्रसूतिगृहातल्या सहा पाळण्यांतल्या हृदयठोक्यांच्या सहा रेघा जागच्या जागी थांबल्या.

काचेपलीकडे नयना उभी होती. सहाव्या पाळण्यात तिची अकराशे ग्रॅमची लेक. पडद्याचा भरवसा नसेल तर दहाच्या रुग्णवाहिकेने तिला बंगळूरला हलवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. तीन तासांचे हादरे तो जीव सोसेल का?

संगणकांचे गुंते सोडवणारी भार्गवी उडुप आली. सोबत तिचा मदतनीस चन्नप्पा.

"दसऱ्यापासून चाललंय, मॅडम," तंत्रज्ञ लोकेश म्हणाला. "रोज सकाळी अडतं, अकराला आपोआप सुटतं. नवीन मी काही बसवलेलं नाही, देवाशपथ."

चन्नप्पाने यादी पाहिली. "अक्का, एकही प्रोग्रॅम जड नाही. तरी निम्मा प्रोसेसर गुंतलाय. दृष्टच लागली म्हणायची."

"दृष्ट मागाहून काढ. आधी इंटरप्ट मोज. कुठलं उपकरण प्रोसेसरला किती हाका मारतंय?"

"यूएसबी. सेकंदाला हजारो. पण पुढची भोकं तर रिकामी आहेत."

भार्गवीने यंत्राकडे पाहिलं. कपाळावर, त्या भोकांच्या जरा वर, लाल गंध, अजून ओलसर.

"याला कोण हात लावतं, सिस्टर?"

"मीच. आठला पुसते, गंध लावते," गुलाबी नावाच्या त्या सिस्टर म्हणाल्या. "आयुधपूजेला लावलं, मग रोज का नको? सहा लेकरं याच्या जिवावर आहेत."

"दसऱ्यापासून, रोज आठला," भार्गवी म्हणाली. "गंध ओघळून खालच्या भोकात उतरतं. ओलावा आतल्या पट्ट्या जोडतो, तोडतो. यंत्राला वाटतं, कुणी आलं, गेलं, आलं. दर वेळी हाक. अकराला गंध वाळतं, हाका थांबतात."

गुलाबी सिस्टरांनी लगबगीने स्पिरिटची बाटली पुढे केली.

चन्नप्पाने स्पिरिटच्या बोळ्याने भोक पुसलं. रेघा धावू लागल्या.

"म्हणजे इतके दिवस रोज सकाळी माझ्या बाळावर कुणाचं लक्षच नव्हतं?" नयनाने विचारलं.

"आत या, ही नोंद बघा," भार्गवी म्हणाली. "हाक आली की हातचं टाकून धावायचं, हा प्रोसेसरचा धर्म. ठोक्यांच्या हाकेलाही तो धावलाच. पडदा रंगवायला तेवढी उसंत मिळाली नाही."

डॉक्टरांनी रुग्णवाहिका नको म्हणून कळवलं. नयना नोंद वर सरकवत राहिली. एकशे बेचाळीस. एकशे अडतीस. एकशे पंचेचाळीस. सगळं थांबलं म्हणून ती काचेशी रडली होती, त्या सकाळीही हजारो खोट्या हाकांच्या गलक्यात लेकीच्या एकेका ठोक्याला ओ मिळाली होती.