शिंपीणबाईंचा हरवलेला दाखला

"ताई, कागद गेला हो! पाचला मतदार नोंदणीची खिडकी बंद होते, आज शेवटचा दिवस, आणि माझा कागदच गेला!"

शिंपीणबाई खुर्चीत कोसळल्याच. नाना पाणी आणायला धावला. तपासाचं डोकं त्याच्या बहिणीचं, ताईचं; पाणी आणायचं खातं त्याचं.

पस्तीस वर्षं परकी म्हणून काढल्यावर परवा कुठे बाईंना नागरिकत्वाचा दाखला मिळाला होता.

"अजून धड वाचलाही नाही. चष्मा दुरुस्तीला दिलाय. लिफाफ्यात घालून शिलाई मशीनच्या खणात ठेवला होता. आज बघते तर लिफाफा रिकामा!"

ताईने लिफाफा उजेडात धरला. खाकी, स्वच्छ. पत्त्यावर बाईंच्या नावातल्या एका अक्षराभोवती बारीकसं लाल वर्तुळ.

"काल दुकानात कोण आलं होतं?"

"शेजारचे पाववाले. आणि नातीचा फ्रॉक न्यायला आमचे जावई. मी बोलले नाही त्यांच्याशी. त्या दोघांची मात्र नेहमीसारखी जुंपली."

पाववाले भट्टीपाशी कोपरापर्यंत पिठात होते. दाराची कडी धरली तर तिच्यावर पांढरी बोटं उठली.

"मी कशाला घेऊ? जो इथे राहतो, राबतो, त्याला मत हवंच, कागद असो नसो, असं म्हणणारा माणूस मी! जावयाला विचारा. मत फक्त नागरिकालाच, हा त्याचा हेका."

"सापडला चोर!" नाना रस्त्यावर येताच म्हणाला.

"एवढ्यात?" ताई हसली.

जावई छापखान्यात मुद्रितं तपासत होते.

"मत नागरिकालाच, यावर मी ठाम आहे. महिन्यापूर्वी तसं बोललो, तेव्हापासून सासूबाईंनी अबोला धरलाय. पण तो दाखला मी पाहिलेलाही नाही." ते पुटपुटले, "तसंही तो खिडकीवरचा कारकून एका वेलांटीसाठी अर्ज परत पाठवतो."

"तीन वाजता दुकानात या," ताई म्हणाली.

तीनला सगळे जमले. नाना दार अडवून उभा राहिला.

"पाववाल्यांनी कडी धरली तरी ठसे उठतात. लिफाफ्यावर पिठाचा कणही नाही," ताई म्हणाली. "उरलं लाल वर्तुळ. चुकलेल्या अक्षराला वर्तुळ करायची सवय कुणाला? मुद्रितं तपासणाऱ्याला! आणि जावईबापू, दाखला पाहिला नव्हता, तर वेलांटी कशी आठवली? नाव चुकलंय हे खुद्द बाईंनाही माहीत नाही."

"बघ! मत बुडवायलाच चोरला!" नाना गरजला.

"उलट. बुडवायचं असतं तर दाखला खणातच राहू दिला असता. चुकीच्या नावाचा अर्ज आपोआप परत आला असता."

जावयांनी खिशातून पावती काढली. "फ्रॉक घेताना खणात दिसला, चूक पाहिली आणि कालच कचेरीत दुरुस्तीला दिला. चारला मिळेल. सांगितलं असतं तर सासूबाईंनी माझी मदत घेतली नसती. मत नागरिकालाच, म्हणतो ना मी? मग नागरिकाचं मत एका वेलांटीपायी बुडू देऊ?"

शिंपीणबाई ताडकन उठल्या.

"मग उभे काय राहिलात? चला की!"

सगळी वरात निघाली. वाटेत पाववाले आणि जावई पुन्हा भांडलेच. बाई पुढे, जवळजवळ पळत. चारला दुरुस्त दाखला हातात पडला, पावणेपाचला यादीत नाव चढलं. अचूक वेलांटीसकट. नानाने एवढ्या टाळ्या वाजवल्या की कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"सासूबाई," जावयांनी हळूच विचारलं, "मत कुणाला देणार?"

"पस्तीस वर्षं थांबले, ती तुम्हाला सांगायला?" बाई खुदकन हसल्या. "ते गुप्त असतं, जावईबापू."